उलटं वाढलेलं ताट

"आधी मीठ. मीठ वाढल्याशिवाय ताटात दुसरं काही येऊ द्यायचं नाही. मग शेजारी लिंबाची फोड. मग डावी बाजू, मग उजवी, आणि भात सगळ्यांत शेवटी, वाफेसकट."

बापूआजोबांचा हा आवाज अबोलीच्या कानात कधीचा बसला होता. ती पाच वर्षांची असताना त्यांनी तिला पान वाढायला शिकवलं होतं. अबोलीला जन्मापासून दिसत नाही. बापूआजोबांची, म्हणजे तिच्या आईच्या वडिलांची, नजर ऐन तिशीत गेली. पण चटणी समजून लोणच्यात बोट घातलं असं दोघांचंही कधी झालं नाही. ताटात जो तो आपल्या जागी बसला की हातालाच डोळे फुटतात, असं आजोबा म्हणायचे.

सध्या आजोबा चंद्रावर होते. चंद्राची जी बाजू पृथ्वीकडे कधीच तोंड करत नाही, तिथे एक वेधशाळा उभी राहिली होती. पृथ्वीवरच्या रेडिओलहरींचा गलका तिथवर पोचत नाही. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी आवाजात बदलून ऐकायच्या, हे तिथलं काम. त्याला डोळे लागत नाहीत, कान लागतात. तसे तयार कान फार थोड्यांकडे होते, म्हणून सत्तरी उलटल्यावरही बापूआजोबांना मानाने बोलावून नेलं होतं.

आणि इकडे कोकणातल्या आंबेखोल गावात बारा वर्षांची अबोली पडवीत बसून एकच स्लाइड पुन्हा पुन्हा ऐकत होती.

"म्हणून ड्रोनतळ जुन्या चिरेखाणीत न्यावा," रावा वाचत होता. "चित्र. चित्र. चित्र. चित्र. नकाशा सात. चित्र. घुमटाचा सडा खरंच रिकामा आहे का?"

रावा म्हणजे अबोलीचा स्क्रीन रीडर (पडद्यावर लिहिलेलं बोलून दाखवणारी प्रणाली). गळ्यातल्या लॉकेटएवढ्या डबीत तो राहायचा. रावा म्हणजे पोपट. पोपट पढवलेलं बोलतो, हा लिहिलेलं वाचतो, म्हणून आजोबांनीच त्याचं ते नाव ठेवलं होतं. अबोलीच्या कानामागे कुंकवाच्या टिकलीएवढी एक चकती चिकटवलेली असे. रावाचा आवाज त्या चकतीतून हाडात जाई आणि हाडातून थेट आतल्या कानात. त्यामुळे तिचे दोन्ही कान बाहेरच्या जगाला मोकळे राहत.

"रुजूताई, हा निकाल आधी सांगतोय आणि प्रश्न शेवटी विचारतोय," अबोली म्हणाली.

रुजूताई म्हणजे ऋजुता, अबोलीची मावसबहीण. कोल्हापूरच्या कॉलेजात ती चित्रमांडणी शिकत होती आणि खास अबोलीच्या स्लाइड करून द्यायला आली होती. तिने पडदा नीट निरखला. प्रश्न वर होता, ठळक अक्षरांत. मध्ये नकाशा, खाली निकाल, हिरव्या चौकटीत. कडेने नाजूक पानांची वेलबुट्टी. तुझा पोपट म्हातारा झालाय, असं तिने जाहीर केलं.

"तुझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का गं?"

"आहे ना, ताई. पण उद्या बोलायचं मला आहे."

उद्याची गोष्ट साधी नव्हती. गावामागे घुमटाचा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. आंबे आणि मासळी शहरात नेणारे ड्रोन (माणसाशिवाय उडणारी मालवाहू यंत्रं) उतरायला तालुक्याच्या समितीला तळ बांधायचा होता आणि सडा त्यांच्या मनात भरला होता. पाहणीला माणसं आली ती भर दुपारी. त्यांनी चारी दिशांना बघितलं आणि जागा रिकामी आहे असं सांगून ती परत गेली.

सडा रिकामा नव्हता. पावसाळ्यात त्याच्यावरच्या उथळ डबक्यांत अंगठ्याच्या नखाएवढा एक बेडूक राहतो. दारावर कुणी बोटाने वाजवावं तसा त्याचा आवाज, म्हणून गावात त्याला टकटक्या म्हणतात. रंग हुबेहूब जांभ्याचा, त्यामुळे बघणाऱ्याला तो सापडत नाही. ऐकणाऱ्यालाच सापडतो. अबोलीने आईच्या मदतीने सड्यावर आणि खाणीत श्रवणपेट्या (आवाज टिपून ठेवणाऱ्या डब्या) ठेवल्या होत्या आणि कुठल्या डबक्यात टकटक्या बोलतो ते शोधून काढलं होतं. उद्या समितीपुढे तिला दहा मिनिटं मिळणार होती. तळ सड्यावर झाला तर डबकी काँक्रीटखाली जातील, आणि टकटक्याला जायला दुसरं घर नाही.

रुजूताईने आपला नवा चष्मा अबोलीच्या नाकावर चढवला. समोर जे दिसेल त्याचं वर्णन करणारा तो चष्मा होता. "हिरव्या पानांच्या चौकटीत एक सुंदर स्लाइड," चष्मा गोड आवाजात म्हणाला. "मध्ये नकाशा. नकाशावर लाल ठिपके."

"ठिपके कशाचे?" अबोलीने विचारलं.

"लाल," चष्मा म्हणाला.

रुजूताईला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

तेवढ्यात बापूआजोबांचा फोन आला. चंद्रावर बोलताना एक गंमत होते. आपला शब्द तिथे पोचून उत्तर परत यायला अडीच-तीन सेकंद लागतात, कारण प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी चंद्र तेवढा लांब आहे. त्यातून आजोबा चंद्राच्या पाठीमागे, म्हणजे शब्दांना वाटेतल्या उपग्रहावरून वळसा घालून जावं लागे. पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांच्या बोलण्यावर आदळायचे. मग सवय झाली.

दोघींनी आपापली बाजू मांडली. अडीच सेकंद गेले.

"दोघींचंही बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "रुजूचा पडदा बरोबर आणि रावाचं वाचनही बरोबर. आता असा विचार करा. रावाला डोळे नाहीत. मग वर काय आणि खाली काय, आधी कोण आणि मागून कोण, हे तो कशावरून ठरवत असेल?"

रुजूताई म्हणाली की आजोबा, तुम्ही सरळ उत्तर सांगून टाका, वेळ नाही. आजोबा हसले. आयतं उत्तर उद्या सभेत विसरशील, शोधलेलं विसरणार नाहीस, असं त्यांनी अबोलीला सांगितलं. चष्म्याचं ऐकून मात्र ते म्हणाले, "चष्मा काय दिसतंय ते सांगतो. काय सांगायचंय ते मांडणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते त्याने लिहून ठेवायला हवं."

मग आवाज थोडा खाली आणून ते म्हणाले, "आणि बाळ, बोलताना रावाचं वाक्य आधी संपू दे, मग तू तोंड उघड. मध्ये शांतता पडली तर पडू दे. मी रोज इथे अडीच सेकंद थांबतो. थांबण्याची लाज नसते. समोरच्याला वाटतं, विचार करून बोलतेय."

एवढं बोलून होतंय तोच त्यांचा उपग्रह क्षितिजाखाली गेला आणि फोन बंद पडला.

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला. अबोलीने शुभंकरोती म्हटलं, पण मन त्यात नव्हतं. रावा कशावरून ठरवतो?

चातुर्मास चालू होता. अबोलीच्या आईचा चातुर्मासात मुक्याने जेवण्याचा नेम असे. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द नाही. हुंकारसुद्धा नाही. अबोलीला तो नेम आवडायचा. त्या शांततेत तिला घर जास्त चांगलं ऐकू यायचं. मिठाच्या लाकडी चमच्याचा कोरडा आवाज, कोशिंबिरीचा ओला, पळी आमटीच्या वाटीला टेकल्याचा. पान वाढून होईपर्यंत कुठे काय आहे हे तिला कानांनीच कळलेलं असे.

त्या दिवशी आई दमली होती, म्हणून रुजूताईने तिला पानावर बसवलं आणि वाढायला घेतलं. अबोली हात मांडीवर ठेवून ऐकू लागली.

पहिल्यांदा भाताची मूद पडली. मग पडवळाची भाजी. मग आमटीची वाटी टेकली. मग कोशिंबीर, चटणी, लिंबू. शेवटी रुजूताई थबकली, परत आत गेली, आणि लाकडी चमचा वाजला.

आईच्या बांगड्या हलल्या. काही सांगायचं होतं, सांगता येत नव्हतं.

"ताई, तू ताट उलटं वाढलंस," अबोली हसून म्हणाली.

"उलटं कुठे? हात लावून बघ. मीठ वर मध्यभागी, लिंबू शेजारी, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. एक पदार्थ हललेला दाखव."

अबोलीने बोटं फिरवली. खरंच सगळं जागच्या जागी होतं. एखाद्याने आत्ता येऊन ताट पाहिलं असतं तर त्याला काहीच वावगं दिसलं नसतं. उलटं वाढलेलं तिला कळलं होतं, कारण तिने ताट पाहिलं नव्हतं, वाढताना ऐकलं होतं.

तिचा हात लिंबाच्या फोडीवर तसाच राहिला.

"ताई, स्लाइड करताना तू सगळ्यांत आधी काय ठेवलंस?"

रुजूताईने आठवून पाहिलं. ती हिरवी चौकट. रंग फार छान जमला होता, म्हणून आधी तीच केली. मग थोडी पानं, मग नकाशा, मग उरलेली पानं. आणि शीर्षक? शीर्षकाची अक्षरं कुठली घ्यावीत हे ठरत नव्हतं, ते सगळ्यांत शेवटी.

"म्हणजे मीठ शेवटी," अबोली म्हणाली.

मग तिघी जेवल्या, घाईघाईने. आचवून आल्यावर आईचा पहिला शब्द आला तो असा, "नेम होता म्हणून गप्प बसले, नाहीतर भाताचा डाव उचललास तेव्हाच सांगितलं असतं."

आता कोडं उलगडायला वेळ लागला नाही. स्लाइडवर आपण जे जे ठेवतो, मग ते शीर्षक असो, चित्र असो की मजकुराची चौकट, ते कुठल्या क्रमाने ठेवलं हे संगणक लक्षात ठेवतो. डोळ्यांना दिसते ती जागा. रावाला कळतो तो क्रम. याला वाचनक्रम म्हणतात (स्क्रीन रीडर स्लाइडवरच्या गोष्टी ज्या ओळीने वाचतो ती ओळ). आणि बरं असं की ताटासारखं नसतं. एकही गोष्ट जागची न हलवता हा क्रम मागाहून बदलता येतो. रुजूताईने शीर्षक पहिलं केलं, नकाशा दुसरा, निकाल शेवटी. पडदा दिसायला होता तसाच राहिला.

पण रावा म्हणाला, "शीर्षक नाही."

रुजूताई चिडली. एवढं मोठं लिहिलंय तरी? मग तिच्या लक्षात आलं, तिने नुसती मोठी अक्षरं काढली होती. स्लाइडमध्ये शीर्षकाची म्हणून एक ठरलेली जागा असते. तिथे लिहिलं तरच रावा त्याला शीर्षक मानतो, आणि स्लाइड बदलली की ते पहिल्यांदा वाचतो. त्यावरूनच तर उद्या अबोलीला कळणार होतं की लोकांपुढे आत्ता कुठली स्लाइड आहे.

उरली पानं. प्रत्येक पानाला रावा "चित्र" म्हणत होता. अबोली म्हणाली, "ताटाभोवती रांगोळी काढतो, पण ती कुणी वाढत नाही." तशी सोयही होती. रुजूताईने पानांवर 'शोभेचं' अशी खूण केली आणि रावा त्यांना ओलांडून जाऊ लागला.

नकाशाला मात्र ओलांडून चालणार नव्हतं. त्याला पर्यायी मजकूर हवा होता (चित्र न दिसणाऱ्यासाठी शब्दांत लिहिलेला त्याचा अर्थ). रुजूताईने लिहिलं, 'सड्याचा नकाशा, त्यावर सात लाल ठिपके.'

"हे तर चष्म्यानेही सांगितलं. ठिपके म्हणजे काय?"

"टकटक्याची डबकी."

"आणि तळ कुठे होणार?"

"अगं, त्यांच्यावरच की."

"मग तेच लिही ना."

रुजूताईने लिहिलं, 'टकटक्याची सातही डबकी ड्रोनतळाच्या जागेत येतात. चिरेखाणीत एकही नाही.' लिहून झाल्यावर तिने पडदा पुन्हा तपासला. हे वाक्य स्लाइडवर कुठेच नव्हतं. डोळे असणाऱ्यांनाही ते कळलं नसतं. तिने नकाशाखाली तेच वाक्य ठळक लिहून टाकलं. मग डोळे मिटून रावाकडून सगळ्या स्लाइड पहिल्यापासून ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी समितीचं सभागृह भरलं होतं. खुर्च्या सरकत होत्या, पंखा कुरकुरत होता. रुजूताईने संगणक जोडला आणि अबोली उभी राहिली. स्लाइडच्या पोटात तिने स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. लोकांना पडदा दिसावा आणि टिपा मात्र एकट्या अबोलीला ऐकू याव्यात, अशी ती व्यवस्था होती.

तिने बटण दाबलं आणि रावाचा आवाज सभागृहाच्या मोठ्या कर्ण्यांतून घुमला.

"टीप. आधी थांब. पाणी पी. घाई करू नकोस, बापूआजोबा ऐकतायत असं समज."

सगळं सभागृह हसलं. अबोलीच्या कानशिलांना धग लागली. संगणक जोडताना रावाचा आवाजही कर्ण्यांकडे गेला होता. तिने गळ्यातली डबी चाचपून तो पुन्हा चकतीकडे वळवला. मग ती थांबली. अडीच सेकंद, कदाचित थोडे जास्तच. हसू आपोआप विरलं.

"हा माझा रावा," ती म्हणाली. "तुम्ही स्लाइड बघता, मी त्याच्याकडून ऐकते. म्हणजे मी आधी ऐकते आणि मग बोलते. आज तुम्हीही तसंच करावं, एवढंच मागायला आले आहे."

तिने पाणी पिऊन घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही.

नकाशा आला तेव्हा तिने "हे बघा" म्हटलं नाही. पडद्यावर सड्याचा नकाशा आहे, त्यावर टकटक्याची सात डबकी लाल रंगात दाखवली आहेत, आणि सातही तळाच्या जागेत येतात, असं तिने शब्दांत सांगितलं. मागच्या रांगेतून एक आजोबा मध्येच म्हणाले, "चेडवा, माका हयसून कायएक दिसत नाय, पण सगळा समाजला."

मग तिने एक कळ दाबली. रावा हळूच म्हणाला, "पडदा काळा."

"आता पडद्यावर काही नाही," अबोली म्हणाली. "बघितलंत तर रिकामं आहे. आता ऐका."

टक. टक टक. एक, मग दुसरा, मग डावीकडून कुणी, मग लांबून कितीतरी. जणू त्या अंधाऱ्या पडद्याला आतून शेकडो लहान दारं होती आणि प्रत्येकावर कुणीतरी उभं होतं.

आवाज थांबल्यावर समितीच्या अध्यक्ष तळवडेकरबाई पुढे सरकून बसल्या. त्या स्थापत्यशास्त्र शिकलेल्या होत्या, तळाची आखणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. त्यांनी विचारलं की चिरेखाणीत पाणी साचतं, तिथे तळ टिकेल का?

"ते मला माहीत नाही," अबोली म्हणाली. "ते तुम्ही शोधा. मला एवढंच माहीत आहे की तुमच्या कागदात रिकामी लिहिलेली जागा रिकामी नाही."

एक सदस्य म्हणाले, आवाज काय, कुठलाही वाजवता येतो. रुजूताई उठायला लागली, पण तळवडेकरबाईंनी हाताने तिला बसवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून सही करण्याआधी मी स्वतः सड्यावर येऊन ऐकणार. माझा शब्द. नेशील मला?"

"नेईन," अबोली म्हणाली. "पण दिवेलागणीला यायचं. गाडी गावातच ठेवायची, विजेरी नको. आणि चपला काढून चालावं लागेल. पाऊल वाजलं की ते गप्प होतात."

"देवळात जातो तसं," बाई म्हणाल्या.

"हो. तसंच."

त्या आठवड्यात बापूआजोबांचा फोन आला तेव्हा अबोलीने त्यांना सगळं सांगितलं, कर्ण्यांची फजितीसुद्धा. अडीच सेकंदांनी चंद्रावरून हसू आलं. तिथे बाहेर हवाच नाही, म्हणून आवाजही नाही, टकटक्याचा आवाज मला नक्की पाठव, असं ते म्हणाले. रुजूताई कोल्हापूरला परतली होती. तिच्या वर्गात आता मुलं आपल्या स्लाइड आधी डोळे मिटून ऐकत होती, आणि शीर्षक विसरलेल्याला "मीठ राहिलं" म्हणून चिडवत होती.

तळवडेकरबाई मात्र आल्या नव्हत्या. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. येतील, असं आई म्हणत होती.

मग एका संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. आईने तुळशीपाशी दिवा लावला. अबोली पायरीवर बसली होती. बेड्याच्या (अंगणाच्या फाटकाच्या) बाहेर पावलं आली आणि थांबली. मागे गाडीचा आवाज नव्हता. बेडं अलगद उघडलं. आधी एक चप्पल आणि मग दुसरी, अशा दोन चपला भिंतीशी ठेवल्याचा आवाज झाला. मग ओल्या मातीवर अनवाणी पाय, सावकाश.

आलेल्या बाईंनी "मी आले" असंही म्हटलं नाही.

अबोलीने गळ्यातल्या डबीवर बोट ठेवून रावाला झोपवलं. उठून तिने आपला कोपर पुढे केला. वाट तिला पाठ होती, बाईंना नव्हती. बाईंनी कोपर धरला, आणि दोघी सड्याच्या दिशेने चालू लागल्या.